मे महिन्यातलं फ्रान्स: पॅरिसच्या खाली उतरा (सासूबाई, पोरं आणि मित्रमंडळींसकट)

पायवाट

फ्रान्स म्हटलं की आपल्याकडे साचा ठरलेला आहे. पॅरिसला तीन रात्री, आयफेल, सीनमधली बोट, एक दिवस डिस्नेलँड, की लगेच बस स्वित्झर्लंडच्या दिशेने. ओळखीतल्या निम्म्या घरांत टॉवर चिमटीत पकडलेला तोच फोटो आहे. आम्ही दोन कुटुंबं मे महिन्यात जाऊन आलो. आमच्याकडून आम्ही तिघं आणि सासूबाई, दुसरीकडून माझी कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा आणि त्यांची दोन पोरं. व्यनितून (खासगी निरोपांतून) बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून धागाच काढतेय.

आमचा रस्ता असा: लिऑन, मग रोन नदीच्या काठाने खाली आविन्याँ, मार्सेय, तिथून समुद्राकडेने नीस, आणि पॅरिस सगळ्यात शेवटी. माझं म्हणणं एवढंच की शहरं कमी घ्या, एका रेल्वेमार्गावरची घ्या आणि जमेल तिथे चार रात्री राहा. म्हातारं माणूस आणि लहान पोर बरोबर असताना बॅगा भरण्या-उघडण्यातच सहलीचा जीव जातो.

पॅरिसच्या मोठ्या विमानतळावर टर्मिनल २ मध्येच टीजीव्हीचं स्टेशन आहे. पॅरिस शहराला पाय न लावता तिथून थेट लिऑन, साधारण दोन तास. ही वेगवान गाडी पहिल्यांदा धावली तीही पॅरिस-लिऑन मार्गावरच, १९८१ साली. विमान आणि गाडी यांत भरपूर वेळ ठेवा, कारण स्वस्त तिकिटावर चुकलेल्या गाडीचे पैसे परत मिळत नाहीत.

लिऑनबद्दल मी तासभर बोलू शकते. रोन आणि सोन अशा दोन नद्यांचं गाव. सोनच्या पश्चिमेला जुनं शहर, त्याच्या डोक्यावर फूर्विएरची टेकडी. टेकडीवर दोरीची रेल्वे जाते, त्यामुळे सासूबाई आमच्या आधी वर. तिथे रोमनांचं थिएटर आहे, इसवी सनाच्या आधीचं. पोरं त्या दगडी पायऱ्यांवरून वरखाली धावत होती आणि कोणी हटकलं नाही.

खरी गंमत खालच्या गल्ल्यांत आहे. तिथल्या इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या वाटांना त्राबूल म्हणतात. रू सें-जाँवर ५४ नंबरचं एक साधं लाकडी दार आहे. ढकललं की आत अंधारी बोळ, मग छोटा चौक, वर कमानींचे सज्जे, पुन्हा बोळ, असं करत बाहेर पडलो ते थेट मागच्या रस्त्याला, २७ रू द्यु बफ. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत एका गल्लीतून शिरून दुसऱ्या गल्लीत निघायचो, अगदी तसं. वर माणसं राहतात, म्हणून भिंतीवर हळू बोलायची सूचना. आमच्या चिरंजिवांनी ती पाळली, हे विशेष.

दुसरी टेकडी क्र्वा-रूसची. ती विणकरांची. रेशमाचे माग चार मीटरपर्यंत उंच असायचे, म्हणून घरांची छतंही तेवढी उंच बांधली. जॅकार्डने छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग १८०४ च्या सुमारास काढला तो याच शहरात. १८३१ मध्ये मजुरीच्या दरावरून इथल्या विणकरांनी उठाव केला आणि काही दिवस शहर ताब्यात घेतलं. मेझों दे कानू या विणकरांच्या संग्रहालयात तो माग चालवून दाखवतात. ठक्-ठक् आवाज, पुठ्ठ्यांची साखळी एकेक घर पुढे सरकते, आणि खाली बोटभर फूल उमटायला किती वेळ लागतो ते कळतं.

बाकी शहरांचं प्रतिसादांत लिहिते, नाहीतर ही कादंबरी होईल.

गोदातीर

मस्त! वाखुसा (वाचनखूण साठवली). माहेर येवल्याचं, म्हणून जॅकार्डवर थांबले. आमच्याकडे जेकार्डच म्हणतात. हातमागाच्या पैठणीचा पदर तिल्ल्यांनी धागा-धागा भरतात, सेमी पैठणीत तेच काम जेकार्ड करतं. किमतीतला फरक तिथून येतो. तिथे रेशमी स्कार्फ घेतलास की नाही?

पायवाट

घेतला एक, मैत्रिणीने. किंमत ऐकून तिच्या नवऱ्याने पाणी मागितलं :)

बंडूनाना

वाचायला छान आहे, पण मी टूर कंपनीच्याच बाजूचा. आमच्या वयात स्वतः बॅगा ओढत फिरायचं, मेनू वाचायचा, घर शोधायचं, हे कोणी सांगितलंय? टूरवाले सकाळी पोहे देतात, संध्याकाळी वरण-भात देतात, पाठीशी मराठी बोलणारा माणूस असतो. आयुष्यात एकदा जायचं तर पॅरिस बघायचं की रेशमाच्या मागासमोर उभं राहायचं?

पायवाट

नाना, पॅरिस आम्हीही पाहिलं, फक्त शेवटी. तोवर पोरांना मेट्रो, तिकिटाचं यंत्र, बेकरीत शिरताच 'बोंझूर' म्हणणं हे सगळं सरावाचं झालं होतं. (बोंझूर न म्हणता थेट विचारायला गेलात तर थंड चेहरा मिळतो. अर्धा फ्रान्स त्या एका शब्दावर उघडतो.) उलट केलं असतं तर दमलेली माणसं घेऊन खाली उतरलो असतो.

वरण-भाताचं म्हणाल तर सगळीकडे स्वयंपाकघर असलेली घरंच घेतली. दोन सूचना. तिथल्या बऱ्याच घरांत शेगडी इंडक्शनची असते, तेव्हा कुकर इंडक्शनवर चालणारा न्या, साधा ॲल्युमिनियमचा नुसता बसून राहतो. आणि युरोपियन संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, चक्का घरीच. ताजा कढीपत्ताही नको. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या आम्ही नेल्या आणि मेतकूट-भाताने मार्सेयमध्ये तापाच्या एका दिवशी सगळ्यांना तारलं.

रोनकाठ

बरीच वर्षं लिऑनमध्ये आहे. धागा पाहून आनंद झाला, कारण पाहुणे नेहमी म्हणतात, 'तुझ्याकडे एक दिवस येतो, मग जिनिव्हा.' थोडी भर घालतो.

तेत द'ऑर बाग विसरू नका. मोठं तळं, आत प्राणिसंग्रहालय, सगळं फुकट. पोरं बरोबर असतील तर अख्खी दुपार जाते.

दुसरं, सिनेमावाल्या लुमिएर बंधूंचं घर आणि कारखाना. १८९५ मध्ये कामगार कारखान्यातून बाहेर पडतानाचं चित्रण त्यांनी ज्या फाटकाशी केलं, तिथली शेड अजून उभी आहे. त्या रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. मेट्रो 'डी' थेट मोंप्लेझीरला नेते. सोमवारी बंद. आपला संबंध असा की पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळानंतर सहा-सात महिन्यांतच, ७ जुलै १८९६ ला, यांची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. काळा घोड्याची ती जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत, तीच. त्या फाटकासमोर उभं राहिलं की फाळक्यांच्या आधीची सोळा-सतरा वर्षं डोळ्यासमोर येतात.

तिसरं, मे महिन्यातल्या सुट्ट्या. १ मे आणि ८ मे पक्क्या, शिवाय ख्रिस्ती सणांचे दोन दिवस, असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार (तो कधी जूनमध्ये जातो). गुरुवारची सुट्टी आली की लोक शुक्रवारही जोडून घेतात आणि गाड्या भरतात. १ मे ला तर महाराष्ट्र दिनापेक्षा कडक बंद. पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद, बहुतेक दुकानं बंद, कित्येक शहरांत बस-ट्राम नावापुरत्या. रस्त्याच्या कडेला मात्र लोक पांढऱ्या घंटेसारख्या फुलांच्या जुड्या विकत असतात. त्या दिवशी प्रवास ठेवू नका, भाजी आदल्या दिवशी आणा.

शिट्टीवाला

मुद्द्याचं विचारतो. शाकाहारी माणसाने खायचं काय? आमची ही अंडंसुद्धा खात नाही.

पायवाट

लिऑनमध्ये जरा कसोटी आहे. तिथली बुशों नावाची खानावळ म्हणजे आतडी, सॉसेज, डुकराचं सगळं काही. पण तिथेच सेर्वेल द कानू मिळतं. नाव भयंकर आहे (विणकराचा मेंदू!), प्रत्यक्षात ताज्या मऊ चीजमध्ये लसूण, कांदापात आणि मिठ-मिरी. सासूबाईंनी पावाला लावून दोनदा मागवलं.

दक्षिणेला गेलात की सोपं होतं. मार्सेयला पानीस मिळतात, हरभऱ्याच्या पिठाचे तळलेले तुकडे. नीसला सोक्का. बेसन, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ, एवढंच. परातीएवढ्या तांब्याच्या ताटात लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपलेल्या, मधे मऊ, वरून मिरपूड, आणि कागदावर ओरबाडून देतात. अंडं नाही, दूध नाही. जुन्या गावातल्या रांगेत उभं राहून खाल्लं आणि मैत्रिणीचा नवरा म्हणाला, 'कांदा, कोथिंबीर, ओवा घातला असता तर..' त्याला गप्प केलं.

सावध राहायचं ते यात: किशमध्ये (अंड्याचा खारा टार्ट) बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे, कांद्याच्या सूपमध्ये बीफचं पाणी, नीसच्या कांद्याच्या पिसालादिएरमध्ये अँकोव्ही मासे. बऱ्याच चीजमध्ये रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) असतं, कडक पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावं. मोरोक्कन खानावळीत भाज्यांचं कुसकुस मिळतं, पण रस्सा मांसाचा नाही ना ते विचारा. आणि जेवणाच्या वेळा! दुपारी दोन वाजले की चूल बंद, संध्याकाळी सात-साडेसातला उघडणार. चार वाजता भुकेलेलं पोर घेऊन हिंडलात तर बेकरीशिवाय त्राता नाही. पिण्याचं पाणी बाटलीतलं घेऊ नका, 'उन कराफ दो' म्हणा, नळाचं पाणी फुकट आणून ठेवतात.

तळ्यात_मळ्यात

मार्सेय म्हणजे आपलं मार्सेलिस ना? सावरकरांच्या उडीचं? काही पाहायला आहे का तिथे?

पायवाट

हो, तेच. सासूबाईंच्या यादीत फ्रान्समधलं हे एकच ठिकाण होतं, आयफेलसुद्धा नव्हता. ८ जुलै १९१०, मोरिया बोट. संडासाच्या खिडकीतून उडी, पोहत धक्क्यावर, आणि फ्रेंच शिपायाने पकडून पुन्हा इंग्रजांच्या हाती दिलं. त्यावर फ्रान्स-ब्रिटनमध्ये वाद होऊन प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. पकडून देण्यात अनियमितपणा झाला हे मान्य, पण कैदी परत करण्याचं बंधन नाही, असा तो निकाल.

नेमकं ठिकाण दाखवणारी पाटी आम्हाला दिसली नाही. मधलं जुनं बंदर म्हणजे आता होड्या आणि हॉटेलं. मोठ्या बोटींचं जोलिएतचं बंदर त्याच्या उत्तरेला, तिथे धक्क्याला लागून झगझगीत मॉल. त्या मॉलच्या मागच्या गच्चीवरून बंदर दिसतं. सासूबाई तिथे कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि नातवाला सगळी गोष्ट सांगितली. त्याचा प्रश्न: 'खिडकी केवढी होती?' त्यांनी हातांनी वर्तुळ करून दाखवलं, आणि मग तो घरी येईपर्यंत प्रत्येक बोटीच्या खिडक्या मोजत होता.

परखड_पेंद्या

उडीचं कौतुक ठीक, पण त्यानंतरचं काय? अंदमानातले अर्ज वगैरे

संपादक मंडळ

यापुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत. धागा प्रवासाचा आहे. त्या विषयावर आधीच भरपूर धागे आहेत, तिथे जावे.

रोनकाठ

धन्यवाद मंडळ. मार्सेयमधला आणखी एक आपला धागा: माझार्ग भागातली युद्धस्मशानभूमी. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन याच बंदरात उतरल्या आणि इथून उत्तरेच्या आघाडीवर गेल्या. स्मशानभूमीत भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. पर्यटक जवळपास नसतात.

माईआजी

सत्तरी ओलांडली आहे, गुडघे सांगतात तेवढंच चालते. मला जमेल का हे? लेक म्हणते चल.

पायवाट

माई, जमेल, पण घर निवडताना लिफ्ट आहे का हे पहिल्यांदा विचारायला लावा. जुन्या इमारतींत चार-चार मजले गोल जिने असतात आणि जाहिरातीत 'सुंदर जुनी वास्तू' एवढंच लिहिलेलं असतं. मार्सेयच्या सें-शार्ल स्टेशनाबाहेर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे, फोटोला छान. तुम्ही आतूनच मेट्रोला उतरा. आविन्याँचं टीजीव्ही स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून छोटी गाडी पाच मिनिटांत तटबंदीशी सोडते. रेल्वे स्टेशनांवर मदतनीस मिळतो, फुकट, पण आधी नोंदवावं लागतं.

आणि मार्सेयचं नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च नक्की करा. डोंगरावर आहे, पण जुन्या बंदरापासून ६० नंबरची बस वर जाते (शेवटच्या काही पायऱ्या आहेत, सावकाश). आत छताला दोऱ्यांनी टांगलेल्या छोट्या बोटी, भिंतीवर बुडत्या जहाजांची चित्रं आणि 'आभार' कोरलेल्या संगमरवरी फरश्या. वादळातून जीव वाचला म्हणून खलाशांनी फेडलेले नवस. सासूबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्या बाकावर बसून सगळ्या बोटी पाहत होत्या आणि उठायला तयार नव्हत्या.

गोदातीर

आविन्याँबद्दल लिहिलंच नाहीस.

पायवाट

आविन्याँ मला थोडं कोरडं वाटलं, खरं सांगते. पोपचा राजवाडा अवाढव्य आहे. १३०९ मध्ये पोप रोमऐवजी इकडे राहायला आले आणि १३७७ पर्यंत बिऱ्हाड इथे होतं. पण आतल्या खोल्या रिकाम्या, पोरं अर्ध्या तासात कंटाळली. तुटका पूल बाहेरून पाहिला तरी चालेल: २२ कमानींपैकी ४ उरल्यात, बाकी रोनने नेल्या. जुलैमध्ये १९४७ पासून चालत आलेला नाट्यमहोत्सव असतो, तेव्हा नाटकवेड्यांनी जरूर जावं. इतरांनी तेव्हा भाडी बघून दुसरीकडे वळावं.

आविन्याँला राहायचं ते पों द्यु गारसाठी. बस जाते. रोमनांनी नीम शहराला पाणी न्यायला बांधलेला तीन मजली दगडी जलसेतू, उंची जवळपास ४९ मीटर. अख्ख्या ५० किलोमीटरच्या कालव्याला एकूण उतार फक्त १२-१३ मीटर दिला होता. मैत्रिणीचा नवरा पाटबंधारे खात्यातला. इतके दिवस चर्चमधून चर्चमध्ये ओढत नेलेला तो माणूस तिथे मात्र दुर्बीण लावून दगडांचे सांधे बघत बसला. खाली नदीत लोक पोहतात, पोरं पाण्यात. त्या दिवशी कोणीच कोणाशी भांडलं नाही.

भांडणावरून आठवलं. दोन कुटुंबं जाणार असाल तर एक नियम करा: दुपारपर्यंत सगळे एकत्र, पुढे ज्याचं त्याचं. आणि खर्चाचा सामाईक डबा, त्यात जेवण आणि तिकिटं, खरेदी स्वतःची. आमची मैत्री परत येताना शाबूत होती त्याला हेच कारण.

शिट्टीवाला

लॅव्हेंडरची शेतं? बायकोला तो फोटो हवाच आहे.

रोनकाठ

मे मध्ये नाही. वालाँसोलच्या पठारावर साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. मे मध्ये लाल पॉपी मिळतील रस्त्याच्या कडेला. पण लॅव्हेंडरसाठी जुलैत येणार असाल तर ऐका: उष्णतेची लाट आली की इथली घरं तापतात, एसी बहुतेक ठिकाणी नसतो. दिवसभर खिडक्यांच्या लाकडी झडपा लावून अंधारात बसायचं आणि रात्री उघडायच्या. नागपूरकरांना हसू येईल, पण कूलरसुद्धा नसतो हो. मार्सेयजवळच्या कालांक खाड्याही जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार रोज ठरवून उघड्या किंवा बंद ठेवतात. सुजितों खाडीला गर्दीच्या दिवसांत आधी नोंदणी लागते, ती फुकट आहे. मे सगळ्यात बरा. समुद्राचं पाणी मात्र गार.

तळ्यात_मळ्यात

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो): मैत्रीण म्हणते दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते तर तिथून काढ. चालतं का?

रोनकाठ

सगळ्यात जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज. फ्रान्सच फिरणार तर फ्रान्सकडेच. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मे साठी तो वेळ पूर्ण वापरा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहान फुकट, केंद्राचा सेवाखर्च वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा.

बंडूनाना

बरं, समजा, समजा हं, लेकाने ठरवलंच, तर पॅरिसला काय पाहायचं आणि काय सोडायचं? आणि ती मार्सेय-नीस गाडी, तिला खिडकी कुठली धरायची?

पायवाट

नाना :) उजवीकडची. अडीच तासांपेक्षा थोडा जास्त प्रवास. सें-राफाएलच्या पुढे लाल खडक आणि खाली निळं पाणी, तेव्हा डुलकी काढू नका. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, चपला पाण्यापर्यंत न्या.

पॅरिसमध्ये नोत्र-दाम चर्च, डिसेंबर २०२४ मध्ये आगीनंतर पुन्हा उघडलं, प्रवेश फुकट. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से संग्रहालय सोमवारी. लूव्रचं तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपियन आर्थिक क्षेत्राबाहेरच्यांना ३२ युरो झालंय, १८ च्या आतल्यांना फुकटच. मी असते तर ३२ युरो वाचवून ओर्से केलं असतं. डोसा-भाताची फारच आठवण आली तर गार द्यु नोर स्टेशनाच्या मागे ला शापेलला जा, सगळी तमिळ दुकानं आणि खानावळी आहेत.

बंडूनाना

कढीपत्ता मिळेल का तिथे?

पायवाट

मिळेल. तुम्ही आधी व्हिसाची तारीख घ्या.